पोचमामा

तीन हजार फोटोंची लिंक एकदा गेली, की पोचमामा खुर्चीतून उठून उभे राहायचे. पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला उठावं, तसे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात दार चार पावलांवर होतं आणि फोटो काही दारातून जात नव्हते. पण मामा उभे राहायचे, पडद्याकडे बघत क्षणभर थांबायचे, मग बसून ग्राहकाला फोन लावायचे. "नमस्कार, फोटो पाठवलेत. पोचले ना?" म्हणून ते पोचमामा. त्यांचं खरं नाव मला पहिली दोन वर्षं माहीत नव्हतं आणि विचारायची गरजही वाटली नाही.

आमचा स्टुडिओ लग्नांचा. फोटो निवडायचं काम माझं, पाठवायचं मामांचं. पूर्वी ते याच मालकाकडे अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायचे. ते काम संपलं तेव्हा मालकाने त्यांना घरी न पाठवता संगणकापुढे बसवलं. एका लग्नाचे फोटो इंटरनेटवर चढायला तीन-चार तास लागायचे आणि तेवढा वेळ मामा एकेक फोटो उघडून बघत बसायचे. मी चिडवायची, "मामा, तुम्ही बघितलंत म्हणून लवकर जाणारेत का ते?" मामा मालवणच्या बाजूचे. मनापासून बोलायला लागले की गावची बोली बाहेर यायची. "न बघता कसा पाठवू गो? लोकांच्या घरची माणसां आसत ती."

बघून बघून त्यांना सगळ्यांची ओळख झालेली असायची. एकदा गोरेगावला एका हॉटेलात त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं, "काकी, गुडघे कसे आहेत आता?" बाई चाटच पडल्या. पुतणीच्या लग्नात त्या प्रत्येक फोटोत गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या, एवढीच ओळख. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा मात्र त्यांना तेल सुचवत होते.

लिंक सात दिवस चालायची, मग आपोआप बंद. लोक 'बघू सावकाश' म्हणत आणि विसरत. म्हणून सहाव्या दिवशी मामांचा दुसरा फोन. एक नवरदेव वैतागून म्हणाला, "अहो मामा, हनिमूनला आलोय मी!" मामा शांतपणे म्हणाले, "असू दे, असू दे. घराक कोण आसा? त्येका सांगा."

हे सगळं मी हसतहसत सांगतेय, कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

मालकाच्या मागे लागून मी एक सॉफ्टवेअर घ्यायला लावलं होतं. हललेले, दुबार आणि डोळे मिटलेले फोटो ते आपोआप वेगळे काढायचं. दोन दिवसांचं काम वीस मिनिटांत, झकास. मामा चार दिवस गावच्या जत्रेला गेले आणि नेमकी एका मुहूर्तावरची तीन लग्नं माझ्या अंगावर पडली. त्यातलं एक वर्सोव्याच्या कोळीवाड्यातलं. त्या लग्नाचे हजारभर फोटो सॉफ्टवेअरने बाद केले. डिस्क भरत आली होती. मी त्यातला एकही उघडून न बघता सगळे पुसले, उरलेले पाठवले आणि पुढच्या लग्नाला लागले. कॅमेऱ्यातली कार्डंही दुसऱ्या दिवशी रिकामी होऊन पुन्हा वापरात गेली.

तीन आठवड्यांनी त्या लग्नातल्या नवरीचा, हर्षदाचा, मामांना फोन आला. मी शेजारीच होते. फोन स्पीकरवर होता.

"मामा, माझे बाबा गेले परवा. फ्रेमसाठी लग्नातला फोटो शोधतोय आम्ही. बाबा कुठेच नाय. एवढ्या फोटोंत एकातपण नाय."

तिचे वडील जन्मापासून अंध होते. पापण्या कायम मिटलेल्या. बोटांनी चाचपून जाळी दुरुस्त करण्यात अख्ख्या कोळीवाड्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं ती रडत सांगत होती. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या चेहऱ्यावर काय ते त्यांना दिसलं असावं.

"बाय, चूक माझी झाली," ते फोनवर म्हणाले. "पाठवायचं काम माझं."

"तुम्ही माझ्या बाबांना पुसलंत, मामा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तोंड उघडणार, तोच मामा म्हणाले, "तू गप रव. तुका अजून खूप वर्सां काम करूचा आसा." मी गप्प राहिले. गप्प राहणं किती सोपं असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

गेलेले फोटो परत काढून देणाऱ्या दोघांनी हात टेकले. मग मामांनी उरलेले सगळे फोटो पुन्हा उघडले. सॉफ्टवेअरला फक्त चेहरे कळत होते. ज्या फोटोंत तिचे वडील पाठमोरे होते, किंवा नुसता हातच आला होता, ते वाचले होते. तीन दिवसांत मामांना सात फोटो सापडले. एकात हर्षदाच्या डोक्यावर एक हात होता, नुसता मनगटापर्यंत. मामांनी त्या सातांची लिंक पाठवली.

ती उघडली गेली नाही. कुणी लिंक उघडली की आमच्या पडद्यावर आकडा वाढायचा. तिथे शून्यच राहिला. फोनही ती उचलेना. सात दिवसांनी लिंक बंद झाली, तेव्हा मामांनी नवी पाठवली. मग पुन्हा. दर सोमवारी, आल्याआल्या, पहिलं काम ते. दीड वर्ष! मी शेजारी बसून बघायची. एका सोमवारी मला राहवेना. म्हटलं, "मामा, मी सांगते तिला खरं काय ते." ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "सांग. पण तिका काय गावतला त्यात?" 'तिला काय मिळणार' या एका वाक्याच्या आडोशाला मी निवांत बसून राहिले.

या वर्षी मामा गेले. जेमतेम दोन महिन्यांच्या आजारात. त्यांची खुर्ची आता माझ्याकडे आहे. डोळे मिटलेले फोटो मी हाताने एकेक उघडते. कुणी हसताना, कुणी डोक्यावर अक्षता पडताना मिटलेले. त्या प्रत्येक मिटल्या पापणीमागून कुणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटतं, आणि मला भीती वाटते. खरंच वाटते.

गेल्या महिन्यात हर्षदाचा फोन आला, स्टुडिओच्या नंबरवर.

"दर सोमवारी लिंक यायची. रागाने उघडलीच नाय कधी. आता यायची बंद झाली."

मामा गेल्याचं मी तिला सांगितलं. ती हळूच म्हणाली, "तुम्ही पाठवाल?"

मी पाठवली. दहा मिनिटांत शून्याचा एक झाला आणि पुन्हा तिचा फोन.

"डोक्यावरचा हात बाबांचाच आहे," ती म्हणाली. "मामांवर उगाच एवढा राग धरला मी. तुम्ही शेजारी बसायचात ना त्यांच्या? एवढा जपून काम करणारा माणूस, त्यांच्याकडून असं कसं झालं असेल हो?"

ती खरंच विचारत होती. उत्तराची वाट बघत होती. गाळ्यात दुसरं कुणीही नव्हतं.

"वय झालं होतं त्यांचं," मी म्हटलं.