आडनावासकट सही

"अच्छा, म्हणजे तू त्यांच्यातली होय. मग बरोबर. तुम्हा लोकांना इथंही मागण्या सुचणारच."

मराठी मंडळातल्या एका काकांनी मी पुढं केलेल्या अर्जावरची पहिली सही वाचली होती. माझी. आडनावासकट. मंडळाच्या नेमटॅगवर मी कायम फक्त पहिलं नाव लिहायचे. आडनावावरून जात काढायला आपल्या माणसांना किती वेळ लागतो, मला माहीत आहे. अर्जावर मात्र पूर्ण नाव लागतं.

जेवणाच्या रांगेतले लोक हसले. मीही हसले.

शेजारी मिस रूबी उभी होती. माझी शेजारीण, सत्तरी ओलांडलेली, काळी, जन्मापासून राजधानी वॉशिंग्टनची. तिच्या शहराला, आता माझ्याही, राज्याचा दर्जा नाही. टॅक्स भरायचा, पण सेनेटमध्ये आपलं कुणी नाही. आमच्या शहरानं केलेला कायदा संसद उडवून लावू शकते. राज्याचा दर्जा मिळावा म्हणून रूबी या अर्जावर सह्या गोळा करते. शेजारच्या व्हर्जिनिया राज्यातल्या लोकांना सेनेटर आहेत, त्यांच्या सहीला वजन. म्हणून मीच तिला इथं, व्हर्जिनियातल्या मंडळाच्या दिवाळीला आणलं होतं. "माझीच माणसं आहेत" म्हणून.

"काय म्हणाले ते?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"काही नाही. जेवण झाल्यावर बघू म्हणाले."

"हनी, ते हसणं मी ओळखते. तू का हसलीस?"

लाज वाटली. काकांची नाही, माझी. माझे आजोबा गावाबाहेर राहिले, गावासाठी राबले, आणि गावाच्या बैठकीत त्यांना तोंड उघडायची सोय नव्हती. रूबी वेगळं काय सांगत होती? आणि मी दोघांवर हसले होते. वर तिच्याशी खोटं बोलले.

मी काकांकडे वळले. रूबीला कळावं म्हणून इंग्रजीत, मोठ्यानं, त्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. 'तुम्हा लोकांना' म्हणजे कोण, तेही सांगितलं. मग म्हटलं, "आणि यावर मी हसले."

"अगं, जोक केला मी. इथं अमेरिकेत कुठली जात?"

"मग सही करा, काका."

रांग पुढे सरकली. सही कुणीच केली नाही.

रूबीनं मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. विचारायचं तोंडही नाही मला. संक्रांतीला मी पुन्हा जाणार आहे. तोच अर्ज, तीच रांग. नेमटॅगवर आधी आडनाव लिहीन, मोठ्या अक्षरांत. आणि हसणार नाही.