सब ठीक, फक्त दार नाय

"बघितलंत! तुमी घड्याळाकडं बघितलंत!"

हवालदार निमसे ओरडत होते. जागा मुरबाडची, खताच्या दुकानावरची माझी खोली. आवाज असा, की खालच्या युरियाच्या गोण्या सावधानमध्ये उभ्या राहिल्या असतील आणि तिकडे माळशेज घाटात दोन-चार ट्रकवाल्यांनी उगाचच ब्रेक दाबला असेल.

"मला कंटाळा आलाय, असं वाटलं का तुम्हाला?" मी विचारलं.

"वाटलं नाय. आलायच! तोंडावरून कळतं मला. सरळ सांगा ना, चालता हो म्हणून!"

मूठ टेबलावर आदळली. माझा चहाचा ग्लास उडाला, फुटला, आणि तो धरायला गेलेलं माझं बोट कापलं. त्याच वेळी माझ्या बॅगेत सही केलेलं एक पत्र पडलं होतं. त्यात लिहिलं होतं, 'उल्लेखनीय प्रगती'.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. गोळ्या देत नाही, बोलतो. हे काम असू शकतं, यावर माझ्या सासऱ्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. एका संस्थेसाठी सोमवारी शहापूरला आणि गुरुवारी मुरबाडला बसतो. इथली नावं बदलली आहेत. आवाज मात्र होता तेवढाच लिहिलाय.

निमसे फौजेतून निवृत्त झालेले. मुरबाडपलीकडे, डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव. बायको संगीता गप्प बसली की त्यांना खात्रीच व्हायची, ही आपल्याला कमी लेखते. एका दुपारी ती अशीच गप्प होती आणि आतल्या खोलीत गेली. यांनी दाराला लाथ घातली. दाराआड नऊ वर्षांची वैष्णवी उभी होती. कपाळाला चार टाके पडले. संगीता पोरीला घेऊन शहापूरजवळ माहेरी गेली आणि निमसे स्वतःच्या पायांनी माझा जिना चढून वर आले.

आम्ही जे उपचार करतो, त्याला मेंटलायझेशन म्हणतात. नाव लांबलचक, गोष्ट छोटी. आपल्या मनात काय चाललंय आणि समोरच्याच्या मनात काय असेल, याचा अंदाज बांधायचा. आणि तो अंदाज आहे, पुरावा नाही, हे विसरायचं नाही. माणूस घाबरला किंवा चिडला की नेमकं हेच विसरतो. मग 'मला वाटतं' चं 'आहेच' होतं, आणि दार तुटतं.

अशा वेळी उपचार करणाऱ्यानं थांबायचं, मागं जायचं, आणि आपली चूक असेल तर कबूल करायची. मी म्हणालो, "बघितलं मी घड्याळाकडं. घरी जायची शहापूरची एसटी डोक्यात होती. चूक माझी."

निमशांनी टोपी उचलली आणि एक अक्षर न बोलता जिना उतरले. ओरडत होते तेव्हा मी एवढा घाबरलो नव्हतो.

घाबरायचं कारण बॅगेतलं पत्र. संगीतानं विचारलं होतं, शाळा सुरू व्हायच्या आत पोरीला घेऊन घरी परत जाऊ का? निमशांनी लेखी संमती दिली होती, की माझी प्रगती तिला कळवा. सोमवारी ती येणार होती. मी 'हो' म्हटलं की ती पोरीच्या शाळेचा दाखला काढणार आणि त्याच घरात जाणार. दार दुरुस्त झालं होतं. माणूस झाला होता का?

कागदावर तर झाला होता. दर आठवड्याला ते एक फॉर्म भरायचे. बारा आठवडे सगळी उत्तरं अव्वल. आणि मी मुळातला फुगवून सांगणारा. घरात उंदीर निघाला तर ऑफिसात त्याचा बिबट्या करतो. त्यांचा फॉर्म आणि माझा पेन, दोघांनी मिळून ग्राफ पार माहुलीच्या सुळक्यावर नेऊन ठेवला होता.

सोमवारी शहापूरला आमच्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी फाइल उघडली. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण लाल पेन त्यांच्याकडे.

"हे काय? 'सत्राच्या शेवटी किंचित भावनिक चढउतार.'"

"किंचितच होता, मॅडम."

"काय फुटलं?"

"कुठं काय?"

"बोटाला पट्टी आहे तुमच्या."

मी हात टेबलाखाली घेतला.

"आणि हा प्रश्न. 'समोरच्याच्या वागण्याचा अर्थ मी त्यालाच विचारून घेतला.' उत्तर, 'नेहमी'. बारा आठवडे 'नेहमी'. घरात कोण कोण असतं यांच्या?"

"सध्या एकटेच असतात."

"मग विचारतात कोणाला?"

बारा आठवडे तो फॉर्म मी हातात घेतला होता, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"एक शेळी आहे," मी म्हणालो.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फाइलला लावलेलं ते पत्र माझ्याकडे सरकवलं. ते मीच फाडलं.

संगीता बाहेर बाकावर बसली होती. शेजारी वैष्णवी, केस कपाळावर ओढून विंचरलेले.

"मंग साहेब, काढू का दाखला?"

"नका काढू. मला अजून खात्री नाही. मी आधी लिहून बसलो होतो, ते चुकलं."

ती उठली. "बरं," म्हणाली, आणि पोरीचा हात धरून निघाली.

पुढचा गुरुवार. निमशांची वेळ अकराची. सव्वाअकरा झाले तरी पत्ता नाही. त्या पंधरा मिनिटांत मी त्यांना विहिरीत, दारूच्या गुत्त्यावर आणि सासुरवाडीच्या दारात, तिन्ही ठिकाणी पाहून आलो. घड्याळाकडे किती वेळा बघितलं ते विचारू नका. माझाही अंदाजाचा पुरावा झाला होता.

अकरा वीसला जिना वाजला. दारात ताठ उभे.

"सब ठीक, साहेब. जीप मिळाली नाय."

तेव्हा मला ते ऐकू आलं. बारा आठवडे हा माणूस फॉर्म भरत नव्हता, साहेबाला रिपोर्ट देत होता.

"हवालदारसाहेब, फौजेत पोस्टवरचं छप्पर उडालं तर रिपोर्ट कसा द्यायचात?"

"सब ठीक, साहेब. फक्त छप्पर नाय."

"मग फॉर्ममध्ये ते 'फक्त' कुठंय?"

ते खाली बसले. फॉर्म पुढे ओढला. त्यांना चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात मी शहापूरला जाऊन आलो असतो. शेवटी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: 'सब ठीक. फक्त साहेबांच्या मनात काय होतं ते माहीत नाय. विचारलं पायजे होतं. आन् ती आतल्या खोलीत का गेली ते पन माहीत नाय.'

त्या आठवड्याचे मार्क एवढे पडले, की ग्राफ सुळक्यावरून थेट पायथ्याशी. आमच्या उपचारात 'माहीत नाही' म्हणता येणं ही मोठी गोष्ट. मी नोंद केली: 'पहिली प्रगती.'

त्यापुढे माझ्या नोंदी चार ओळींच्या झाल्या. काय घडलं, त्यांना काय वाटलं, विचारलं की ठरवून टाकलं, आणि राग उतरायला किती वेळ लागला. विशेषणं बंद. मला काय यातना झाल्या ते माझं मला माहीत.

संगीता जूनमध्ये परत गेली नाही. वैष्णवीचं वर्ष शहापूरलाच सुरू झालं. निमसे रविवारी सासुरवाडीला येऊन अंगणात तासभर बसून जायचे. दिवाळीनंतर दोघी घरी गेल्या, आणि गुरुवारचा जिना अजून चालूच आहे. मी यातून एवढंच शिकलो, की फॉर्मवर सगळं अव्वल दिसलं तर पेढे मागवण्याआधी घरात कोण कोण राहतं ते विचारावं.

दोघी घरी जाण्याआधीची एक नोंद मात्र पुन्हा पुन्हा काढून वाचतो. भर भातलावणीतला सोमवार. दोघांना शहापूरला पहिल्यांदा एकत्र बसवलं होतं. मॅडम एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. संगीता भावाच्या शेतावरून तशीच आलेली, पायाला घोट्यापर्यंत चिखल. आली, बसली आणि गप्प.

निमशांच्या मानेची शीर फुगली. मूठ वळली. मी टेबलावरचे ग्लास गुपचूप आपल्याकडे ओढले. मॅडमनी पेन खाली ठेवला. ती शांतता इतकी लांबली, की लावलेल्या भाताला लोंब्या आल्या असत्या. माझ्या मनात कारणांची रांग लागली: तिला भीती वाटतेय, राग आलाय, ते दार आठवतंय, आज ही उठून जाणार.

मूठ हळूहळू उघडली.

"संगीता," निमसे म्हणाले, आवाज फाटलेला, "तू गप का हायेस गो? मला कळत नाय. म्हणून विचारतोय."

तिनं मान वर केली.

"भूक लागलीय."