मुल्ला बाईंचा मोती आणि आमचा राजा

पंधरा मिनिटांची मधली सुट्टी, एक टेबल आणि सात डबे. किस्से साचायला याहून जास्त काही लागत नाही. कसबा बावड्याच्या आमच्या शाळेत वीस वर्षं स्टाफरूममधले किस्से मीच सांगत आलो. मग चित्रकलेच्या नसरीन मुल्ला बाईंनी मोती आणला.

मोती म्हणजे कॉकाटील. डोक्यावर तुरा, गालावर केशरी ठिपका असलेला परदेशी पोपट. बाई रोज सांगायच्या, मोतीनं आज अशी शीळ घातली, मोती चष्म्यावर बसला. मी भूमितीच्या पेपरातली गंमत सांगायला तोंड उघडलं की कुणीतरी म्हणायचं, "थांबा सर, मोतीचं होऊ दे आधी."

त्याच आठवड्यात मी पोपट पाळायचं ठरवलं.

* * *

पी.टी.चे जाधव सर लगेच म्हणाले, "गारगोटीला माझा पावणा हाय. हिरवागार राघू आणून देतो."

बाईंनी डबा बंद केला. "देशी पोपट पाळणं गुन्हा हाय, सर. पिंजऱ्यात राघू ऱ्हाईल आणि कोठडीत तुम्ही."

सगळे हसले. म्हणजे माझ्या पोपटाचा पहिला किस्साही बाईंच्याच नावावर गेला.

* * *

शेवटी बाईंनाच घेऊन दुकानात गेलो. मला समोरचा पिवळा आवडला. गुबगुबीत, शांत.

"शांत न्हाय, आजारी हाय त्यो," बाई म्हणाल्या. "पिसं फुगवून बसलाय. श्वासाबरोबर शेपूट हलतंय बघा."

त्यांनी कोपऱ्यातला राखाडी निवडला. डोळे चमकदार, नाक स्वच्छ, हातानं भरवून वाढवलेला. बाईंनी बोट पुढं केलं, तो चढून बसला. मी बोट पुढं केलं, तो कडाडून चावला.

दुकानदार माझ्याकडं बघत म्हणाला, "पावणं, पोपट नक्की कुणाला पायजे?"

* * *

घरी आल्यावर तो माझ्या बायकोचा, सुमनचा झाला. दाणापाणी मी करायचो, पिंजरा मी पुसायचो. खांद्यावर बसायला मात्र तिचाच खांदा. तिनं त्याचं नाव राजा ठेवलं.

एकदा आतल्या खोलीत वह्या तपासत होतो. बाहेरून सुमनचा आवाज आला, "राजा, जेवलास का रे?"

लग्नाला बावीस वर्षं झाली. असं कधी विचारलं नव्हतं. मी हरखून म्हटलं, "न्हाय अजून."

"तुम्हाला न्हवं," ती म्हणाली.

* * *

मग सुमन चार दिवस बहिणीकडं वारणानगरला गेली. पहिल्या दिवशी राजानं दाण्याला चोच लावली नाही. मी घाबरून बाईंना फोन केला.

"त्याच्यासमोर बसून जेवा," त्या म्हणाल्या. "एकट्याला खायची सवय नसंल त्याला."

ताट घेऊन पिंजऱ्याजवळ जमिनीवर बसलो. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या बोटावरचं भाताचं शीत घेतलं. तिसऱ्या दिवशी मनगटावर आला. जेवताना मी त्याला काहीबाही सांगत होतो, तो मान वाकडी करून ऐकत होता. रात्री फोनवर सुमनला म्हटलंसुद्धा, त्याच्यासमोर जमिनीवर बसून जेवतो, गप्पा मारतो, तेव्हा खातो.

चौथ्या दिवशी दुपारी सुमन आली. दारातूनच हाक मारली, "राजा!"

राजानं तिच्याकडं पाहिलं आणि माझ्या हातावरून चालत मानेपाशी जाऊन बसला. तीन महिने मी याचीच वाट बघत होतो. सुमन पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. मी त्याला उचलून तिच्या खांद्यावर ठेवायला गेलो, तर त्यानं माझी कॉलर सोडली नाही.

"असू दे," ती म्हणाली. पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसली.

"ताट वाढा."

"टेबलावर बसूया की."

"इथंच," ती म्हणाली. "तुम्ही पण बसा. आणि चार दिवस त्याला काय सांगत हुतासा, त्ये मला सांगा."