वेदीखालचा तांब्या

परशू गवंड्याच्या पायाला गेले आठ दिवस भिंगरी लागली होती. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, तरी सकाळी अर्धी भाकरी तशीच टाकून उठायचा आणि इगर्जीच्या आवारात जाऊन उभा राहायचा. सून सुमंगला म्हणायची, "मामंजी, चर्चात काय पुरून ठेवलंय काय तुमी?" की म्हातारा पायात वहाणा सरकवून चालू लागायचा.

पुरून ठेवलंच होतं.

सुपा धरणाचं पाणी चढलं तेव्हा खालच्या गावातली ख्रिस्ती माणसं रामनगरच्या बाजूला आली. घरं, शेतं, जुनी इगर्ज, सगळं पाण्याखाली. घंटा तेवढी बैलगाडीत घालून आणलेली. नवी इगर्ज बांधायला गवंडी हवा होता आणि परशू नुकताच बापाच्या हाताखालून सुटला होता. पाद्री मानुयेल यांनी पायावर पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली, पण परशूचा हात चालेना. पायात सुपारी, हळकुंड नि तांब्याचा पैसा ठेवल्याशिवाय त्याच्या बापानं गोठासुद्धा बांधला नव्हता. ही तर एकदा उठवलेली माणसं. ह्यांची भिंत पडली तर ती जाणार कुठं? दुपारी सगळे जेवायला बसले, तेव्हा त्यानं ते सगळं एका तांब्यात घातलं, तोंडाला फडकं बांधलं आणि वेदीच्या जागी पुरलं. दुसऱ्या दिवशी वर चिरा बसवला. कुणाला विचारलं नाही.

इगर्ज उभी राहिली. पाद्रींच्या गळ्यातला चांदीचा क्रूस त्याच सुमाराला हरवला, म्हणून परशूनं सागवानाच्या तुकड्यातून एक कोरून दिला. पाद्रींनी तोच मरेपर्यंत घातला. घंटा वाजवणारा इनास परशूचा जिवलग झाला. दर नाताळाला इनासच्या घरच्या करंजीसारख्या नेवऱ्या पहिल्यांदा परशूकडे यायच्या आणि त्या खाताना ह्याला चोरासारखं वाटायचं. खातही असे, कुढतही असे. असला माणूस!

आता इगर्ज मोठी करायची होती. वेदी मागं सरकणार, जुना पाया उकरणार. मागच्या बाजूला नवा खड्डा तयारही झाला होता.

"इनास, त्ये चिरे अजून पक्के हायत. कशाला हलवतासा?" परशू रोज विचारायचा.

"तुझ्या हातचे न्हवं का ते, म्हणून जीव अडकलाय व्हय?" इनास हसायचा.

सोमवारी पहार लागली. "अज्जा, बाजूला व्हा," कामगार म्हणाला. पहिला चिरा हलला आणि परशूला राहवेना.

"थांबा! त्याच्याखाली माझं पाप हाय!"

मग सगळ्यांसमोर त्यानं सगळं सांगून टाकलं. त्याच्याकडे न बघता इनासनं कामगाराला चिरा उचलायची खूण केली. ह्या आवारातलं आपलं येणंजाणं आज संपलं, असं परशूला वाटलं आणि त्याला रडूच कोसळलं.

कामगारानं तांब्या काढून त्याच्या हातात दिला. हिरवा पडलेला. परशूनं तांब्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि डोळे पुसून पुन्हा पाहिलं. कुजक्या फडक्यावर मेणबत्तीचं मेण ओतलेलं होतं, चांगलं बोटभर जाड.

"ह्ये म्या लावल्यालं न्हाई."

इनासनं चाकूनं मेण काढलं आणि तांब्या हातावर उपडा केला. सुपारी, काळा पडलेला पैसा, हळकुंडाचा भुगा. आणि शेवटी चांदीचा क्रूस.

"पाद्रींचा," इनास म्हणाला.

परशू तडक फणसाखालच्या पाद्रींच्या थडग्याकडे गेला. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण संतापच आला.

"म्हायती हुतं तर सांगायचं न्हाई व्हय, पाद्रीबाबा? उभा जल्म जीव खाल्लासा माझा!" त्याचा आवाज साऱ्या आवारात घुमला. थडग्याशी भांडणारा म्हातारा बघायला कामगार जमले.

थोड्या वेळानं मागून इनासची हाक आली. तो नव्या वेदीच्या खड्ड्यापाशी उभा होता. एका हातात पुन्हा भरलेला तांब्या, दुसऱ्या हातात पेटती मेणबत्ती.

"भांडून झालं असलं तर ये इकडं. तू तांब्या ठेव, मेण मी लावतो."