दोन घमेली लेंड्या

दिघाशीला माझा आणि थोरल्या जावेचा भाजीचा वाफा एकाच बांधाला लागून आहे. तिची कोथिंबीर हिरवीगार, माझी पिवळी. सासूबाई रोज तिचीच जुडी मागायच्या आणि माझा जळफळाट व्हायचा. सगळी करामत तिच्या शेळ्यांच्या खताची, असं मी धरून चालले. ती माहेरी मानकोलीला गेली तेव्हा तिच्या गोठ्यातून दोन घमेली ताज्या लेंड्या आणून मी वाफ्यात पसरल्या. कोथिंबीर तरारली. नुसती झटकून, कच्चीच, तिच्या डोळ्यांदेखत भाकरीबरोबर खायची मी.

पुढे पोट बिघडलं ते थांबेना. जाऊच मला दवाखान्यात घेऊन गेली. तपासणीत शेळ्यांच्या आतड्यात असतात तसले जंत निघाले.

"भाजीला ताजं खत घालता का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी चक्क नाही म्हटलं.

"माझ्याच शेळ्यांचं हाय, डॉक्टर," जाऊ म्हणाली. "मी खड्ड्यात कुजवून मगच घालते. हिला सांगायचं ऱ्हायलं माझं."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, तरी चूक तिने स्वतःवर घेतली. जंत गोळ्यांनी गेले. तिचं ते मोठं मन मात्र मला आजही बघवत नाही.