बटणचे गुडघे

कपडे धुण्याच्या त्या दुकानात तिला सगळे ठिणगी म्हणत, आणि ते नाव काही लाडाने पडलेलं नव्हतं. ती वाफेच्या इस्त्रीवर उभी असली की मालकसुद्धा आधी तिचं तोंड बघायचा आणि मग बोलायचा. राग नाकावर, आणि एकदा आला की मुक्कामालाच. कुणी दुखावलं तर ठिणगी ते मनात जपून ठेवणार आणि वेळ आली की पुरतं उट्टं काढणार. मुलीच्या शाळेतल्या खेळाच्या बाईंना याची कल्पना असती तर त्यांनी आपले कपडे दुसरीकडे टाकले असते. कित्येक महिने त्यांच्या ट्रॅकपँटच्या कमरेला दाट खळ बसत होती. बाई मैदानावर एका हाताने शिट्टी धरायच्या आणि दुसऱ्या हाताने कंबर खाजवायच्या. अंगाचा साबण बदलून बदलून त्या थकल्या होत्या.

ठिणगीच्या मते ही शिक्षा फारच थोडी होती. तिची एकुलती एक मुलगी बटण. लहानपणी इस्त्रीच्या टेबलाखाली बसून गळून पडलेली बटणं वेचायची, म्हणून बटण. तर या बटणला सकाळी उठताच येईना. गुडघे सरळ होत नसत, घोट्यावर भार पडला की डोळ्यांत पाणी यायचं, ब्रश धरायचा तर मनगट वळत नसे. ठिणगीने यावर आपला उपाय काढला. दुकान खाली, घर वर. बॉयलर पेटला की ती पहिल्या वाफेत टॉवेल तापवायची, धावत वर न्यायची आणि पोरीचे गुडघे गुंडाळून ठेवायची. शेक बसला की बटण भिंत धरून उभी राहायची, मग कठडा धरून जिना उतरायची आणि शाळेत पोचायची.

शाळेत पहिलाच तास खेळाचा. तिथे हिला मांडी घालून बसता येईना, पळणं तर लांबच. आणि मधल्या सुट्टीत, ऊन चढून अंग मोकळं झालं की, हीच पोरगी मैत्रिणींबरोबर दोरीवरच्या उड्या मारताना दिसायची. बाईंनी दोन्ही पाहिलं आणि एके दिवशी सगळ्या वर्गासमोर तिला ओढून पुढे उभं केलं. "नीट बघून घ्या हिला. तासाला लंगडी आणि सुट्टीत हरणी. खोटारडी! नाटकी!" त्या दिवसापासून पोरं तिला नाटकी म्हणू लागली. ठिणगी भांडायला गेली तर बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, लाड जरा कमी करा. मुलगी खोटं बोलायला शिकलीय तुमची."

गल्लीतल्या डॉक्टरांनाही काही सापडलं नाही, कारण त्यांच्याकडे जायचं ते संध्याकाळी, पोरगी चांगली चालती झाल्यावर. वाढीचं दुखणं असेल, असं ते म्हणाले. शेवटी कुणीतरी मोठ्या दवाखान्यातल्या, लहान मुलांच्या सांध्यांचे आजार बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं.

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "शेक देऊन आणलंत का हिला?"

"मग काय तशीच आणू? चालता तरी यायला नको पोरीला?"

"उद्या तशीच आणा. शेक नाही, मालिश नाही. आणि सकाळी लवकर."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने बटणला खांद्यावर घालून नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला दोन पावलं चालायला लावली आणि लगेच बसवलं. "संधिवात आहे," त्या म्हणाल्या. "मुलांनाही होतो. शरीरातली राखण करणारी यंत्रणाच बिथरते आणि स्वतःच्या सांध्यांवर उठते. आत दाह होतो, सूज येते, झोपेत सांधे आखडतात. हललं, शेकलं की सैल होतात." आठवड्यातून एकदा गोळ्या घ्यायच्या, मळमळलं तरी सोडायच्या नाहीत, रक्त तपासत राहायचं, डोळेही दाखवायचे कारण हा दाह डोळ्यांतही गुपचूप शिरतो, असं सगळं त्यांनी समजावलं. "गुण यायला वेळ लागेल. पण येतो. आणि मनाने बंद करायचं नाही, सांधा कायमचा बिघडू शकतो."

आपणच टॉवेल गुंडाळून गुंडाळून आजार झाकत होतो, हे ऐकून ठिणगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण स्वतःवर रागवायची तिला सवय नव्हती. तो रागही तिने खेळाच्या बाईंवरच काढला. दवाखान्यातून ती तडक शाळेत गेली.

"संधिवात?" बाई हसल्या. "अहो, तो माझ्या सासूबाईंना आहे. आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी हिला उड्या मारताना पाहिलंय."

ठिणगी दातओठ खात परत आली. वर्गासमोर खोटारडी म्हणालीस ना, वर्गासमोरच तुला नाक घासायला लावते, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्या आठवड्यात ट्रॅकपँटला खळ दुप्पट पडली.

औषध मात्र इमानाने काम करत होतं. सुरुवातीला काहीच फरक दिसेना. गोळ्या घेतल्या की दुसऱ्या दिवशी बटण मलूल पडून राहायची. मग हळूहळू मनगटाची सूज उतरली. मग घोटा दिसू लागला. एका सकाळी ठिणगी टॉवेल घेऊन वर आली तर बटण स्वतः उठून, मोरीत उभी राहून दात घासत होती. नवरा भोळा माणूस, तो चक्क रडला. काही दिवसांनी पोरगी खेळाच्या तासाला पळूही लागली, आणि ठिणगी मुद्दाम ते बघायला शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. बाईंचं तोंड पडलेलं तिला बघायचं होतं.

बाई तिला बघून हसत पुढे आल्या. "बघा! मी म्हटलं होतं ना? जरा कडक वागलं की नाटकं आपोआप बंद होतात." आणि त्यांनी बटणच्या पाठीवर शाबासकी दिली.

ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगी जितकी बरी होणार, तितकी ही बाई खरी ठरणार! या विचाराने तिला रात्री जेवण जाईना. नवरा म्हणाला, "पोरगी पळतेय ना? मग सोड की आता तो विषय."

"तुम्ही सोडा. मला नाही जमत."

त्या आठवड्यात तिने गोळ्यांचं पाकीट भांड्यांच्या फळीवर मागे सारलं. बटणने विचारलं तेव्हा म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्यात, थोडे दिवस थांबू या." पुढच्या आठवड्यातही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. आपण काय करतोय ते तिला पुरतं ठाऊक होतं. एकदाच, फक्त एकदाच दाखवायचं आणि लगेच परत सुरू करायचं, असं ती मनाला बजावत होती. बटणचा गुडघा पुन्हा फुगला. सकाळी ती कण्हू लागली. ठिणगीने टॉवेल तापवले नाहीत.

बाई शाळेत जाताजाता कपडे टाकायला आल्या, तेव्हा ठिणगीने त्यांची पिशवी घेतलीच नाही. "वर चला जरा. माझ्या नाटकीचं नाटक बघायला."

वर बटण पलंगावरून उतरायला धडपडत होती. तिने दोन्ही हात टेकले, मनगटं दुखली म्हणून कोपरांवर आली, आणि बाईंना दारात बघून तशीच थांबली. बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. त्या पुढे धावल्या, पोरीला उचलायला गेल्या, पण कुठे धरलं तर दुखणार नाही हेच त्यांना कळेना. "मला माहीत नव्हतं गं. खरंच माहीत नव्हतं," असं म्हणत त्या जमिनीवर बसून रडू लागल्या.

त्याच दिवशी त्यांनी वर्गासमोर हात जोडून माफी मागितली. चूक माझी होती, ही मुलगी कधीच खोटं बोलली नव्हती, असं म्हणाल्या. मधल्या सुट्टीत बटणच्या मैत्रिणींकडून ठिणगीला ते शब्द न् शब्द कळले आणि तिचं काळीज निवलं. उरलेला दिवस ती इस्त्रीवर गुणगुणत होती. संध्याकाळी वर आली तर बटण भिंतीला टेकून बसली होती.

"आई," ती म्हणाली, "आता देशील गोळ्या?"

ठिणगीने फळीवरून पाकीट काढलं. पण गोळ्या सुरू झाल्या म्हणून सूज काही उतरेना. गुडघ्यात पाणी भरलं. डॉक्टरीणबाईंनी सुईने ते काढलं, आत औषध सोडलं, आणि बटणने त्या वेळी आईचा हात धरला नाही, टेबलाची कड धरली.

"इतका छान उतार पडला होता," डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "औषध अचानक लागू का पडेना? मध्ये चुकलं का?"

एवढी तोंडाळ ठिणगी, पण ती खाली बघून पिशवीचे बंद आवळत बसली.

"मी थुंकत होते," बटण म्हणाली. "आई द्यायची. मी जिभेखाली ठेवायचे आणि मोरीत जाऊन थुंकायचे. मळमळतं म्हणून."

"अगं बाई! आणि आईला पत्ताच नाही? भलतीच नाटकी निघालीस की गं तू." डॉक्टरीणबाई रागावल्या, मग पोरीची मान खाली गेलेली बघून थोड्या निवळल्या. "पुन्हा असं करायचं नाही. आईला फसवायचं नाही. कळलं?"

"हो," बटण म्हणाली.

ठिणगीचे हात शिवशिवू लागले. कुणावर तरी तुटून पडावं असं वाटत होतं. तिने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. तो बिचारा फाईल पोटाशी धरून उभा होता. पकडायला दुसरं कुणीच नव्हतं.

"खोटं बोलतेय ती," ठिणगी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं.

"तिने एकही गोळी थुंकली नाही. मीच दिल्या नाहीत. त्या शाळेतल्या बाईला दाखवायचं होतं मला."

"काय दाखवायचं होतं?"

बटणने आपल्या पट्टी बांधलेल्या पायाकडे बघितलं आणि आईच्या वतीने उत्तर दिलं.

"माझे गुडघे."