गाडी वळण्यापुरती जागा

कमळ शाळेच्या दारात आली, चपला हातात, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. "बाई, बाबा गेला," एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. पहाटे हरिभाऊंच्या छातीत कळ आली, त्यांच्या मुलानं, गणपतनं, शेजाऱ्यांसोबत झोळीत घालून बांधावरून रस्त्यापर्यंत आणलं आणि पेणहून रिक्षा येण्याची वाट बघत बसले... रिक्षा आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. महिना होत आला. मला अजून संताप येतो, आणि तो काढावा कुणावर, तेच कळत नाही.

हरिभाऊ धरमतरच्या खाडीकाठी मिठागरावर मुकादम होते. आमच्या गावाला रस्ता नाही, खाडीचं पाणी अडवणारा एक बांध आहे, एका वेळी एकच माणूस चालेल एवढा. गणपतची बायको बाळंतपणात त्याच बांधावर झोळीत गेली, पोटातल्या जिवासकट. बऱ्याच वर्षांपूर्वी, ती गेल्यानंतर, मुंबईच्या कुठल्याशा संस्थेनं देणग्या गोळा करून पेण ते रोहा डोंगरवाटेनं चालण्याची शर्यत ठेवली, आणि पहिल्या संघाच्या गावाला रुग्णवाहिका मिळणार असं कळलं, तेव्हा हरिभाऊ सकाळी सकाळी शाळेत हजर. "बाई, चार मानसं लागतात. मी, गणपत, कमळ... आनि तुमी." मी म्हटलं, "अहो, मला चार पायऱ्या चढून धाप लागते!" तर म्हणतात कसे, "मंग बरंच हाय. तुमच्यामुळं कोन उगाच पळत सुटनार नाय."

मिठागराचं काम सुरू व्हायच्या आधी, रोज उजाडता उजाडता आमचा बांधावर सराव. मी पुढे, बाकीचे रांगेनं मागे. बांधावरची रीतच तशी, जो हळू तो पुढे. मागे राहिला आणि घसरला तर कळणार कुणाला? आणि पुढच्याला ओलांडायचं नाही, कारण ओलांडायचं तर चिखलात उतरावं लागतं. मानेवर तिघांचे श्वास, वर हरिभाऊंची फर्माईश, "पाढे म्हना बाई, चाल जमंल." एकोणतीसचा पाढा म्हणत मी तो बांध तुडवलाय. कमळ खिदळायची. सून गेल्यापासून त्या घरात कुणी हसलेलं मी तेव्हाच ऐकलं.

शर्यतीच्या दिवशी चढ आम्ही झकास काढले. घात केला उतारानं. खाडीच्या माणसाला उतार कुठला ठाऊक! सगळा सराव सपाटीवर, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. हरिभाऊंचा गुडघा सुजून टम्म झाला. मग रीतीप्रमाणे ते पुढे आले आणि आम्ही मागे. नियम असा होता की चौघांतले तिघं पोचले तरी संघ पोचला. आम्हाला तो पाठ होता. वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद. दुसऱ्या गावांचे संघ शेजारून भराभर पुढे जात होते, आणि आम्ही तिघं त्या लंगडणाऱ्या माणसाच्या मागे, एका रांगेत. गणपतनं एकदा पाऊल बाजूला टाकलं... आणि परत घेतलं.

रोह्यात कुंडलिकेच्या काठी पोचलो, तर रुग्णवाहिका दुसऱ्या गावाच्या नावावर लागली होती. हरिभाऊ खाली बसले. "तुमी फुडं का नाय गेलात?"

"तुला टाकून कसं जानार बाबा?" कमळ म्हणाली.

"टाकायचं होतं गो! सून गेली माजी त्या बांधावर. मला एक दिवस टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?"

त्यानंतर आमच्यात शर्यतीचा विषय कुणी काढला नाही. पण हरिभाऊंनी कुदळ काढली. डांबरी रस्ता जिथे संपतो आणि बांध सुरू होतो, तिथली बाभळीची झुडपं तोडून, भराव घालून त्यांनी एक गोल जागा केली. "कदी तरी गाडी येईल, तवा वळंल कुठं?" वर्षानुवर्षं सुट्टीच्या दिवशी तिथलं गवत काढत राहिले. मी अर्ज लिहीत राहिले. ना गाडी आली, ना उत्तर.

त्या पहाटे हरिभाऊंची झोळी टेकवली ती त्याच जागेत. गणपत सांगत होता, रिक्षावाला एका दमात वळला, मागंपुढं करावंच लागलं नाही.

परवा तिकडून येत होते. गणपत कुदळ घेऊन उभा. गवत घोट्याएवढं झालंय. "काढू का बाई?" त्यानं विचारलं, आणि माझ्याकडे बघत राहिला. म्हटलं, "राहू दे रे. येणार कोण आहे?" त्यानं कुदळ खांद्यावर टाकली.